जल्पकाचा जल्प

समाजमाध्यमांवर टोळधाड घालणाऱ्या ट्रोलांना मराठी वृत्तपत्रांनी ‘जल्पक’ म्हटले आणि शब्द रुळला. मूळ धातू ‘जल्प्’. धातुपाठात (संस्कृत धातूंच्या यादीत) तो ‘जप्’च्या शेजारी येतो आणि अर्थ दिला आहे ‘व्यक्त वाणी’, म्हणजे चक्क स्पष्ट बोलणे! सवयीचा प्रत्यय लागला की मात्र बिघडते. पाणिनीच्या सूत्राने (३.२.१५५) होणारा ‘जल्पाक’ अमरकोशात ‘वाचाल’, ‘वाचाट’ यांच्या पंगतीला बसतो, अर्थ ‘बहुगर्ह्यवाक्’, पुष्कळ आणि निंद्य बोलणारा. आपला ‘वाचाळ’ त्याच पंगतीतला.

न्यायशास्त्रातला, म्हणजे प्राचीन तर्कशास्त्रातला, जल्प मात्र बडबड नव्हे. न्यायसूत्रे रचणाऱ्या गौतमाच्या १६ पदार्थांत (विषयांत) वाद १०वा, जल्प ११वा, वितंडा १२वी. वादात सत्य हवे असते, जल्पात जिंकणे. म्हणून तिथे ३ प्रकारचे छल (शब्दांचा भलताच अर्थ लावणे), २४ जाती (फसवी उत्तरे) आणि २२ निग्रहस्थाने (हरण्याच्या जागा) ही हत्यारे चालतात. छलाचा ठरलेला नमुना असा : एक म्हणतो, ‘हा मुलगा नवकंबल आहे.’ दुसरा : ‘घोंगडी तर एकच दिसते, नऊ कुठे आहेत?’ ‘नव’ म्हणजे नवे, आणि नऊसुद्धा. एवढी मुभा कशाला? सूत्रकाराचे उत्तर शेतकऱ्याला पटेल : कोवळ्या अंकुराभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तसे.

भरभर, अस्पष्ट बोलून सुटका मात्र नाही. वाक्य तीनदा उच्चारूनही सभेला आणि प्रतिवाद्याला कळले नाही, तर ते ‘अविज्ञातार्थ’ निग्रहस्थान, बोलणारा हरला. न कळण्याच्या कारणांत न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन ‘अतिद्रुत’ (फार भरभर) उच्चारही नोंदवतो. चरकसंहिता (विमानस्थान, अध्याय ८) मात्र वैद्यांना जिंकण्याची तोड सांगताना इतकी सोवळी नाही : प्रतिपक्षाला वाक्य ध्यानात ठेवता येत नसेल, तर त्याच्यावर लांबलचक, गुंतागुंतीच्या वाक्यांची माळ फेकावी.

जल्पात स्वतःचा पक्ष मांडावाच लागतो. तो न मांडता दुसऱ्याचा नुसता खोडणे ही वितंडा. या हिशेबाने निनावी खात्यावरून फक्त चिखलफेक करणारा ‘वैतंडिक’ ठरतो. ‘जल्पक’ ही त्याला मिळालेली बढतीच.