ब्रॉडहेडला धार लावणे

ब्रॉडहेड म्हणजे बाणाच्या टोकाला बसणारा, रुंद आणि कापणाऱ्या पात्यांचा पोलादी फाळ. पारंपरिक धनुर्विद्येत दोन पात्यांचा, दांडीच्या निमुळत्या टोकावर गरम गोंदाने चिकटवायचा फाळ जास्त वापरतात. वजन साधारण १२५ ते २०० ग्रेन, म्हणजे ८ ते १३ ग्रॅम. बंदुकीची गोळी आघाताने मारते, बाण रक्तस्रावाने. रक्तवाहिनी लवचीक असते, त्यामुळे बोथट कड लागली तर ती बाजूला सरकते आणि धार लागली तरच तुटते. धनुष्याने शिकार करण्यास परवानगी असलेल्या देशांत धारेवर एवढा भर देतात तो यामुळेच.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ ने वन्य प्राण्यांची शिकार बंद केली आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ३१ नुसार अभयारण्यात लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही, त्यामुळे राधानगरी-दाजीपूरच्या फेरीला जाताना असा बाण गाडीतही असू नये. कोल्हापुरात हे काम उरते ते संग्रहातला फाळ नीट राखण्यापुरते किंवा फोमच्या ठोकळ्यावर नेम धरण्यापुरते. निशाणीच्या स्पर्धांत ब्रॉडहेड चालत नाही, आणि क्लबच्या गवती निशाणीवर तो मारणे म्हणजे ती निशाणी फाडून टाकणेच.

कोन. दोन्ही बाजूंनी उतार (धारेकडे निमुळता होणारा तिरपा भाग) असलेल्या पात्याला दर बाजूस २० ते २५ अंश ठेवतात. त्याहून कमी कोनात धार तीक्ष्ण येते, पण हाडावर किंवा लाकडावर लागताच दुमडते. एकाच बाजूने उतार असलेल्या पात्याला २५ अंशांच्या आसपास कोन देतात. असा फाळ आत शिरताना फिरतो, म्हणून उताराची दिशा आणि पिसांचा पीळ एकाच बाजूचा हवा. तीन पात्यांच्या अखंड फाळाचे काम सगळ्यांत सोपे: दोन पाती एकदम कानशीवर टेकवली की प्रत्येक कडेला आपोआप ६० अंशांची धार मिळते. ती जाड असते, पण टिकते.

कोन हातावर सोडू नये. उसाचा कोयता पाजळणारा हात नकळत झुलतो. कोयत्याला ती गोलसर धार चालते, उलट फायद्याचीच ठरते. फाळाला मात्र अशाने धारच येत नाही. लाकडाच्या ठोकळ्याला ५० मिमी लांबीत २३ मिमी चढ दिला की २५ अंश होतात, १८ मिमी दिला की २०. हा ठोकळा शेगड्याजवळ (बेंच व्हाइसजवळ) पक्का करून पाते त्याच्या उतारावर टेकवावे.

घासणे. फाळ वीतभर लांबीच्या जुन्या दांडीवर बसवावा म्हणजे धरायला मूठ मिळते. उतारावर मार्कर पेनची शाई फासून कानशीचे दोन हात मारावेत. शाई फक्त कडेजवळ गेली तर कोन जास्त झाला आहे, फक्त मागच्या बाजूची गेली तर कमी. कानस ८ किंवा १० इंची, सिंगल कट (दातांच्या रेघा एकाच दिशेच्या), सपाट घ्यावी. ती पुढे ढकलतानाच कापते, म्हणून परत आणताना उचलावी. मागेपुढे रगडली की तिचे दात मरतात. कानस नुसतीच घसरत असेल तर पोलाद तिला आवरण्यापलीकडे कडक आहे, तेव्हा डायमंड प्लेट घ्यावी.

एका बाजूला टाचेपासून टोकापर्यंत सलग बर येईपर्यंत दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. बर म्हणजे पलीकडे वळलेली पातळ पोलादी किनार. ती पाहण्यासाठी अंगठा कडेवर आडवा, आतून बाहेर फिरवावा. कडेच्या लांबीवरून कधीच नाही. मध्येच बर तुटक लागली तर तेवढी जागा अजून बोथट आहे. बहुतेकांचे काम इथेच फसते: बर यायच्या आत ते बारीक दगडाकडे वळतात आणि मग दगडाला दोष देतात.

दोन्ही बाजूंना हात सारखेच मारावेत. नाहीतर कड मध्यरेषेवरून सरकते आणि बाण भिरभिरतो. बाण उभा धरून टोकावर फिरवला की ही डगमग लगेच दिसते. टोक अगदी सुईसारखे केले तर पहिल्याच माऱ्यात वळते, म्हणून शेवटचा मिलिमीटरभर भाग थोडा बोथट केलेला बरा.

यानंतर ४०० आणि मग १००० नंबरचा ऑइलस्टोन किंवा पॉलिश पेपर, दाब कमी करत. एका उताराच्या पात्याची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवून फक्त बर काढायची. शेवटी चामड्याचा पट्टा. चपलेसाठी कमावलेल्या जाड चामड्याचा तुकडा लाकडी पट्टीवर चिकटवून हिरवी पॉलिश फासली की उत्तम पट्टा होतो, आणि कोल्हापुरात असा तुकडा मिळायला अडचण नाही. पट्ट्यावर पाते नेहमी मागे ओढावे. पुढे ढकलले तर चामडे कापले जाते आणि धारही जाते. दर बाजूला १५-२० हात पुरतात.

पारख करायला रबर बँड ताणून धरावा. कड नुसती टेकवताच तो तुटला तर धार झाली. ओढावे लागले तर बर उरली आहे.

मशीनचा मोह. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या (कारखान्यांच्या वसाहतीतल्या) एमरी चाकावर हे काम दोन मिनिटांत होते आणि तेवढ्यातच पाते वाया जाऊ शकते. कड पातळ असल्याने झटकन तापते. ३०० अंश सेल्सियसच्या आसपास निळा रंग चढतो, म्हणजे पोलादाचे पाणी (कडकपणा) उतरले. मग कितीही घासा, धार दोन माऱ्यांत मरते. चाकच वापरायचे तर हलका स्पर्श, प्रत्येक वेळी पाण्यात बुडवणे, आणि कडेचा शेवटचा भाग हातानेच.

जपणूक. पावसाळ्यात हाय कार्बन पोलादावर रात्रीतून तांबेरा येतो आणि तो सर्वांत आधी पातळ कडच खातो. काम झाल्यावर मशीन ऑइल किंवा व्हॅसलीनचा पातळ हात फिरवावा. पट्ट्याला उत्तम असलेले चामडे म्यानाला मात्र वाईट: त्यातील टॅनिन आणि ओल पोलादाला गंजवतात. भात्यातला फोमही ओल धरतो, म्हणून जून ते सप्टेंबर फाळ दांडीवरून काढून, तेलाचा हात देऊन, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात ठेवावेत. डबा उघडताना पात्यांची तोंडे खाली राहतील अशी मांडणी असावी.