पोटातला कॅन्सर मणक्यात कसा पोहोचतो?

जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन नीट पार पडतं, केमोथेरपीही होते. वर्ष-दोन वर्षांनी कंबर दुखू लागते आणि घरचे म्हणतात, मणक्यात गॅप आली असेल. पुष्कळदा दुखणं साधंच असतं. जठर काढल्यावर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही, त्यामुळेही हाडं ठिसूळ होतात. तरीही अशा माणसाची कंबरदुखी अंगावर काढू नये, असं मला कळकळीनं वाटतं.

जठराचा कॅन्सर सहसा यकृतात किंवा पोटाच्या अस्तरावर पसरतो, हाडात त्या मानानं क्वचित. गेला तर बहुधा मणक्यात. कॅन्सरच्या काही पेशी ऑपरेशनच्या आधीच रक्तात उतरलेल्या असू शकतात. त्या इतक्या थोड्या असतात, की कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी 1889 मध्ये स्तनाच्या कॅन्सरनं दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि म्हटलं, बी सगळीकडे पडतं, पण रुजतं मानवेल त्याच मातीत. मणक्यातली रक्तानं भरलेली मज्जा ही तशी माती.

गंमत नव्हे, पण नवल वाटावं असं पुढेच आहे. कॅन्सर स्वतः हाड फारसं पोखरत नाही. जुनं हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी आपल्या शरीरात असतातच. कॅन्सर त्यांना चिथावतो. हाड विरघळलं की त्यात साठलेली वाढीची द्रव्यं सुटतात, त्यांवर कॅन्सर आणखी पोसतो.

रात्री पडल्यावरही न थांबणारं, दिवसेंदिवस वाढणारं दुखणं असेल तर डॉक्टरांना जुन्या ऑपरेशनची आठवण करून द्या. रक्तातलं अल्कलाइन फॉस्फेटेज, म्हणजे हाडांत आणि यकृतात तयार होणारं एक एन्झाइम, वाढलेलं असू शकतं. पुढे बोन स्कॅन किंवा एमआरआय. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जू दाबला गेल्याची शक्यता असते. तेव्हा सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठावं.

हाडात पसरलेला आजार सहसा मुळापासून जात नाही, पण वेदना आवरता येते. रेडिएशनच्या एकाच बैठकीनंही अनेकांना आराम पडतो. झोलेड्रॉनिक अॅसिड किंवा डेनोसुमॅब ही औषधं ऑस्टिओक्लास्टना लगाम घालतात. ती सुरू करण्याआधी दात मात्र तपासून घ्यावेत, कारण औषध चालू असताना दात काढला तर जबड्याची जखम भरून न येण्याचा धोका असतो.