न्यू जर्सीच्या सुपिरियर कोर्टाचं पत्र आलंय? आधी खालची ओळ वाचा

परवा एक काका लिफाफा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ऑफिसात आले, म्हणाले हायकोर्टातनं आलंय, आता कसं. उघडून बघितलं तर ज्युरी ड्यूटीचं, म्हणजे खटला ऐकून निर्णय देणाऱ्या साध्या नागरिकांत बसायचं बोलावणं! काका ग्रीन कार्डवर आहेत आणि ज्युरीत फक्त सिटिझनच बसतात, प्रश्नावलीत तेवढं भरून पाठवलं की विषय संपला. (नावं लायसन्स आणि टॅक्स रिटर्नच्या याद्यांतनं पण घेतात म्हणून ग्रीन कार्डवाल्यांनाही येतं. घाबरू नका, पण कचऱ्यातही टाकू नका.)

घोळ सगळा नावाचा आहे, "सुपिरियर" म्हटलं की वरचं कोर्ट वाटतं. आपल्याकडे घटना देशाची एकच, इथे प्रत्येक राज्याची आपली वेगळी, आणि राज्याची कोर्टं कशी असतील ते त्यातच लिहिलेलं असतं. न्यू जर्सीची आत्ताची घटना 1947 ची, कोर्टांचा भाग म्हणजे कलम सहा. त्याच्या आधी कायद्याची कोर्टं वेगळी आणि चॅन्सरीचं कोर्ट (कायद्याच्या नुसत्या अक्षरापेक्षा न्याय्य काय ते बघून निकाल देणारं) वेगळं, एकाच भांडणासाठी माणूस दोन दारं झिजवायचा. नव्या घटनेने दोन्ही एकाच सुपिरियर कोर्टाखाली आणली, लॉ डिव्हिजन आणि चॅन्सरी डिव्हिजन, आणि गरज पडली तर एकाने दुसऱ्याचे अधिकार वापरून केस पूर्ण निकालात काढायची असंही लिहून ठेवलं. आमच्या मते यातलं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य तेच.

म्हणजे सुपिरियर कोर्ट हे वरचं कोर्ट नाही, केस सुरूच तिथे होते. अपील त्याच्याच अपेलेट डिव्हिजनकडे जातं, आणि त्याच्यावर राज्याचं सुप्रीम कोर्ट, सात न्यायमूर्तींचं. या दोन्ही कोर्टांचे जज निवडणुकीने येत नाहीत, गव्हर्नर नेमतो, सिनेट मंजुरी देते, आधी 7 वर्षं आणि परत नेमलं तर वयाच्या 70 पर्यंत.

त्यामुळे पत्राच्या डोक्यावरचं मोठं नाव सोडा, खालची ओळ बघा. "स्पेशल सिव्हिल पार्ट" असेल तर बहुतेक वेळा 20,000 डॉलरपर्यंतचा पैशांचा दावा, लेखी उत्तराला 35 दिवस. "स्मॉल क्लेम्स" असेल तर 5,000 पर्यंत, लेखी उत्तर लागत नाही पण दिलेल्या तारखेला हजर राहायलाच पाहिजे. "फॅमिली पार्ट" म्हणजे घटस्फोट, मुलांचा ताबा वगैरे. ट्रॅफिकचं तिकीट गावातल्या म्युनिसिपल कोर्टात, आणि मृत्युपत्राचं काम काउंटीच्या सरोगेट नावाच्या अधिकाऱ्याकडे, तो मात्र निवडून आलेला असतो. इमिग्रेशन कोर्टाचा या सगळ्याशी काही संबंध नाही, ते फेडरल.

नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये तर अजून उलटं, तिथे "सुप्रीम कोर्ट" हेच खालचं, घटस्फोटाचा दावा तिथेच लागतो आणि सगळ्यात वरचं आहे ते कोर्ट ऑफ अपील्स, ऑल्बनीला. तिकडच्या सुप्रीम कोर्टाचा कागद आला म्हणून एका ताईंनी रात्रभर झोप घालवली होती.

आम्ही वकील नाही, सल्ला देत नाही. पत्रात काय लिहिलंय ते मराठीत समजावून सांगतो, आणि जन्माचे, लग्नाचे दाखले, सातबारा वगैरेचं सर्टिफाइड भाषांतर करून देतो. येताना सगळी पानं आणा, आणि लिफाफा फेकू नका, त्यावरची तारीख कामाला येते.