शंभर मायक्रॉनची बंदी आणि तालुक्याचे फ्लेक्सवाले: पार्श्वभूमी

ब्रश आणि पत्र्याच्या पाट्यांच्या काळात विदर्भात गावोगावी पेंटर होते. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बियाण्यांच्या जाहिरातींनी भिंती भरल्या, तोवर त्यांचं बरं चाललं होतं. मग स्टिकरच्या कागदातून अक्षरं कापणारं मशीन, म्हणजे प्लॉटर, आला आणि पेंटरच्या दुकानावर ‘रेडियम’ची पाटी चढली.

धंदा खरा पालटला तो फ्लेक्सवर, म्हणजे प्लास्टिकच्या मोठ्या बॅनरवर, छापणाऱ्या सॉल्व्हंट प्रिंटरमुळे. सुरुवातीला मशीन नागपूर-अमरावतीलाच. तालुक्यातला माणूस कोरलड्रॉत डिझाइन करायचा, अक्षरं ‘कर्व्ह’ करून, म्हणजे फॉन्टवर न अवलंबणाऱ्या आकृत्यांत बदलून, फाइल पाठवायचा आणि गुंडाळी एसटीने यायची. कर्व्ह करायचं राहिलं आणि तिकडे तो मराठी फॉन्ट नसला, की नवरदेवाच्या नावाच्या जागी रोमन चिन्हं छापून येत. पुढे तालुक्यातच मशीन बसली, पण ती ऐन भारनियमनात. छपाई चालू असताना वीज गेली की फ्लेक्सवर आडवा पट्टा उमटे आणि छपाईच्या हेडमध्ये शाई वाळली की नोझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं, बंद. त्यामुळे मशीनसोबत जनरेटरचंही कर्ज डोक्यावर आलं.

१ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकवर देशभर बंदी आली. यादीत पीव्हीसी बॅनरही होते. गावात बातमी पसरली ती ‘फ्लेक्स बंद’ अशी. प्रत्यक्षात बंदी १०० मायक्रॉनपेक्षा पातळ बॅनरवर होती (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बाजारात फ्लेक्स मायक्रॉनवर विकलाच जात नाही, तो जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरच्या वजनावर विकला जातो. नेहमीचा २८० जीएसएमचा फ्लेक्स २०० मायक्रॉनच्या आसपास भरतो, म्हणजे तो नियमात बसतो. दुकानदाराला मात्र हे कुणी समजावून सांगितलं नाही. जाडीची अट लावणं मुळातच चुकलं. पॉलिस्टरच्या जाळीवर पीव्हीसी चिकटवलेला हा माल वेगळा करून पुन्हा वापरणं अवघड, आणि जाड केला तर कचऱ्यात वजन वाढतं, एवढंच. अट जाडीवर नव्हे, माल कशाचा आहे यावर हवी होती. आज वाढदिवसाचा फ्लेक्स उतरला की सोयाबीनच्या गंजीवर जातो, उन्हाने तडकतो आणि त्याचे तुकडे वावरातच राहतात.

त्याच वर्षी राज्यात छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. खेड्यात बहुतेक पाट्या आधीच मराठी, त्यामुळे नवं काम फारसं निघालं नाही. आता कृषी केंद्रांवर पी-टेन नावाच्या एलईडी पॅनेलच्या सरकत्या पाट्या दिसतात. एका पॅनेलची उंची १६ ठिपके. तेवढ्यात वेलांटी, रफार आणि उकार एकत्र आले की अक्षर चेपतं. म्हणून मजकूर जुळवणारा सोपे शब्द शोधतो, नाहीतर दोन पॅनेल एकावर एक लावून खर्च वाढवतो.