पिस्टन थांबतो तिथे

जुन्या गाडीचं इंजिन घरी खोलायला घेतलं की पहिला दिवस गंजलेल्या बोल्टांशी झटापट करण्यातच जातो. त्यातही हेडचे, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाचे, बोल्ट घाईने सोडू नयेत. कडेच्या बोल्टांपासून मधल्यांकडे यावं, तेही प्रत्येक थोडा थोडा सैल करत. ताण एका बाजूनेच सुटला तर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.

हेड उचललं की सिलिंडर, म्हणजे पिस्टन ज्यांत वर-खाली होतो त्या नळ्या, उघडे पडतात. पिस्टन ज्याला जोडलेले असतात तो खालचा दांडा, म्हणजे क्रँक, हाताने फिरवून पिस्टन खाली न्यायचा, भिंत चिंधीने पुसायची आणि नख खालून वर सरकवत आणायचं. वरच्या काठाच्या जरा अलीकडे नख अडकतं. तिथे बारीकशी पायरी असते. पिस्टनभोवतीचं धातूचं कडं, म्हणजे रिंग, पायरीच्या वर कधी पोचतच नाही, म्हणून तिथला धातू शाबूत राहिलेला असतो. खालचा झिजून गेलेला असतो. मला सगळ्या इंजिनात ही पायरी फार बोलकी वाटते, कारण सगळ्यात जास्त झीज अगदी तिच्याखाली असते, म्हणजे पिस्टन जिथे थांबतो तिथे!

इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला 100 वेळा थांबून उलटा फिरतो. मधल्या टप्प्यात त्याचा वेग ताशी 45 किलोमीटरच्या आसपास जातो आणि तिथे झीज कमी. हे उलटं वाटतं, पण याचं कारण तेलात आहे. 1883 साली ब्यूशॅम्प टॉवर हे इंग्रज अभियंते रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या आधारावर, प्रयोग करत होते. तेल घालायला त्यांनी बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरू लागताच तेल भोकातून उलटं बाहेर येऊ लागलं. बूच मारलं, तर तेलाने तेही ढकलून दिलं. फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर खेचून अरुंद फटीत कोंबतो आणि तिथे तयार झालेल्या दाबावर स्वतःच तरंगतो. यामागचं गणित 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मांडलं.

रिंगचंही तेच. ती पळते तोवर तेलाच्या पातळ थरावर तरंगते. थांबली की थर तुटतो आणि धातू धातूला घासतो.

मग खालच्या टोकालाही पिस्टन थांबतोच की, तिथे एवढी झीज का नाही? कारण वर आणखी दोन गोष्टी जुळून येतात. इंधन पेटतं ते पिस्टन वर असताना. तो दाब रिंगच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. शिवाय जळणाऱ्या वायूचं तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या वर जातं, त्यामुळे तिथलं तेल पातळ होतं आणि काही जळूनही जातं. खाली ना तो दाब, ना ती उष्णता.

आता कामाचं. पिस्टन वरून बाहेर काढायच्या आधी ही पायरी घासून काढायलाच हवी; नाहीतर रिंग तिच्यावर अडकते आणि जोर लावला की रिंग तरी तुटते किंवा पिस्टनची खाच तरी. पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोप्यांवर त्या सोडण्याआधीच नंबर टाकून ठेवा. प्रत्येक टोपी तिच्याच रॉडला जोडून गोल कापलेली असते, दुसऱ्या रॉडवर ती नीट बसत नाही.

माझ्या इंजिनात चारही सिलिंडरांत नख अडकलं. आता ब्लॉक बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून जरा रुंद करून, मोठ्या मापाचे पिस्टन घालायचे आहेत.