व्ह्यूफाइंडरचा उजेड : डिजिटल एसएलआर घेताना

डिजिटल एसएलआर कॅमेऱ्याला डोळा लावल्यावर दृश्य किती उजळ दिसते, याला व्ह्यूफाइंडरचा उजेड म्हणतात. हे दृश्य इलेक्ट्रॉनिक पडद्यावरचे नसते. लेन्समधून आलेला प्रकाश आरशावरून वर वळतो, फोकसिंग स्क्रीनवर (आरशाच्या वरच्या दुधी पडद्यावर) प्रतिमा उमटवतो आणि माथ्यावरच्या प्रिझममधून सुलट होऊन आयपीसपर्यंत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापर्यंत, पोचतो. वाटेत गळलेला प्रकाश कोणतेही सेटिंग बदलून परत मिळत नाही. कंपनीच्या तपशीलपत्रकात मॅग्निफिकेशन (दृश्य किती मोठे दिसते) आणि चौकटीची टक्केवारी (फोटोतला किती भाग दिसतो) असते, उजेडाचा आकडा मात्र नसतो. तो डोळ्यानेच पारखावा लागतो.

पहिली गळती मुख्य आरशातच होते. ऑटोफोकससाठी या आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक ठेवलेला असतो आणि तिथून थोडा प्रकाश खालच्या ऑटोफोकस सेन्सरकडे जातो. दुसरी गळती माथ्यावर होते. महागड्या बॉडीत (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यात) तिथे अखंड काचेचा पेंटाप्रिझम असतो, तर निकॉन डी३५०० किंवा कॅनन १५००डी यांसारख्या स्वस्त बॉडीत आरसे जोडून केलेला पोकळ पेंटामिरर. तो हलका आणि स्वस्त पडतो, पण प्रत्येक आरसा थोडा प्रकाश खातो. शिवाय पोकळीतला मार्ग काचेतल्या मार्गापेक्षा प्रकाशीयदृष्ट्या लांब ठरतो, म्हणून मॅग्निफिकेशनही कमी ठेवावे लागते.

इथेच आकार आणि उजेड यांची गल्लत होते. मॅग्निफिकेशनचा आकडा ५० मिमी लेन्स धरून दिलेला असतो, त्यामुळे वेगवेगळ्या सेन्सरचे आकडे थेट ताडून पाहू नयेत. १५००डीचा ०.८० हा आकडा त्याच्या लहान सेन्सरच्या क्रॉप फॅक्टरने, म्हणजे १.६ने, भागला की ०.५० उरतो, फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅनन ५डी मार्क ४चा ०.७१ तसाच राहतो. म्हणजे दुसऱ्यातली चौकट क्षेत्रफळाने साधारण दुप्पट दिसते. छोटी चौकट बोगद्याच्या टोकाला असल्यासारखी भासते आणि लोक तिलाच ‘अंधारी’ म्हणतात. ती खरोखर अंधारी असेलच असे नाही.

उजेडावर सर्वांत मोठा परिणाम मात्र बॉडीचा नसून लेन्सचा होतो. ॲपर्चर (लेन्समधले प्रकाशाचे छिद्र; एफ/चा आकडा लहान तितके छिद्र मोठे) कितीही ठरवलेले असले तरी बघताना लेन्स पूर्ण उघडी असते. फोटो निघण्याच्या क्षणीच ती ठरवलेल्या ॲपर्चरपर्यंत मिटते. १८-५५ किट लेन्स १८ मिमीवर एफ/३.५ असते आणि ५५ मिमीवर एफ/५.६ होते. डोळा न काढता झूमची रिंग फिरवली, तर प्रकाश अडीचपटीने कमी होताना दिसतो. एफ/५.६च्या जागी एफ/२.८ची लेन्स लावली तर चौपट प्रकाश येतो. पण एफ/१.८ किंवा एफ/१.४ लावून त्याच्याही पुढे फारसा फरक दिसत नाही. आजच्या फोकसिंग स्क्रीनची सूक्ष्म रचना मंद (लहान कमाल ॲपर्चरच्या) झूम लेन्सलाही उजळ दिसावी अशी केलेली असते. ती प्रकाश कमी विखुरते आणि साधारण एफ/२.८पलीकडच्या तिरक्या किरणांचा डोळ्याला लाभ होत नाही. त्याची किंमतही मोजावी लागते. एफ/१.४वर फोकस किंचित चुकले तरी अशा स्क्रीनवर दृश्य धारदारच वाटते. म्हणून हाताने फोकस करणाऱ्याने केवळ जास्त उजेडाच्या मागे लागू नये. कॅनन ६डीसाठी मिळणारी ईजी-एस स्क्रीन नेमकी याच कामासाठी आहे: एफ/२.८ किंवा त्याहून वेगवान लेन्सवर फोकस नेमके कळते, मंद लेन्सवर दृश्य काळवंडते. स्क्रीन बदलल्यावर कस्टम फंक्शनमध्ये तशी नोंद केली नाही, तर एक्स्पोजर चुकते.

पारख करताना दोन्ही बॉडींवर एकच लेन्स किंवा निदान सारख्या कमाल ॲपर्चरची लेन्स हवी, झूमही एकाच आकड्यावर हवा. लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर काढून ठेवावा. तो दीड ते दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). आधी साध्या भिंतीकडे कॅमेरा धरून आयपीसशेजारचे डायॉप्टरचे (डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायचे) चाक फिरवावे आणि ऑटोफोकसच्या खुणा काळ्याशार, टोकदार करून घ्याव्यात. खुणा धूसर असतील तर दृश्य मळकट दिसते आणि दोष उजेडावर जातो. दुकानातल्या झगमगाटात सगळेच व्ह्यूफाइंडर छान दिसतात, म्हणून कॅमेरा काउंटरखालच्या सावलीकडे वळवावा. तिथे मिनिटभर थांबावे आणि गडद कापडाची वीण किंवा खोक्यावरची बारीक अक्षरे वाचता येतात का ते पाहावे. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहण्याची युक्तीही चांगली आहे: क्रॉप बॉडीवर ५०-६० मिमी, फुल फ्रेमवर ७० मिमीच्या आसपास झूम ठेवला की व्ह्यूफाइंडरमधली वस्तू उघड्या डोळ्याला दिसते तेवढीच दिसते आणि उजेडातला फरक लगेच कळतो. चष्मा लावणाऱ्याने चष्म्यासकटच पाहावे. डोळा लांब राहिला की कोपरे कापले जातात, आणि बाजूने शिरणारा उजेड दृश्य फिकट करतो.

कॅनन आणि निकॉनने २०२०नंतर नवी डिजिटल एसएलआर बॉडी आणलेली नाही, त्यामुळे आता सेकंडहँड खरेदीची वेळ बऱ्याचदा येते. अशा वेळी चार्ज केलेली बॅटरी सोबत न्यावी. निकॉन डी९०, डी३००, डी७०० किंवा कॅनन ७डी यांच्या व्ह्यूफाइंडरमध्ये एलसीडीचा पातळ थर असतो. बॅटरी नसेल तर तो दृश्य अंधारे करतो आणि चांगली बॉडी बिघडलेली वाटते. दृश्य अकारण काळे दिसले तर लेन्स काढून तिच्यातल्या ॲपर्चरच्या पात्या पाहाव्यात, त्या अर्धवट मिटून अडकलेल्या असू शकतात. स्क्रीनवरचे धुळीचे ठिपके फोटोत येत नाहीत, त्यांचे भय नाही. पूर्ण दृश्यावर दुधाळ पडदा किंवा कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर मात्र बुरशीचा संशय घ्यावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बंद पिशवीत राहिलेल्या कॅमेऱ्यांना ती धरते. स्क्रीन किंवा आरसा कापडाने पुसून पाहू नये. स्क्रीन मऊ प्लास्टिकची असते आणि आरशाचा मुलामा काचेच्या वरच्या अंगाला असतो. एका पुसण्याने पडलेला ओरखडा कायमचा राहतो. ब्लोअरच्या रबरी फुग्याने हवा मारावी, तेवढेच.