साउंडबॉक्स

साउंडबॉक्स : यूपीआयनं पैसे जमा झाले की रक्कम मोठ्यानं बोलून दाखवणारी गल्ल्यावरची छोटी पेटी. बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली, शहापूर, तिकडं खानापूर नाहीतर निपाणी, कुठंही गेलात तरी कानावर पडतेच, म्हणून ती दिसते कशी यावर जागा घालवत नाही. लोक 'स्पीकर' म्हणतात किंवा नुसती 'पेटी'. इथं तिचा विचार मुख्यतः दुकानाच्या सुरक्षेच्या बाजूनं केलाय.

पेटी मूळची कुठली यावर दोन मतं आहेत. एक मत असं की ही भारताची देणगी, पेटीएमनं २०१९च्या सुमारास बाजारात आणली, आणि कंपनी स्वतःही पहिलेपणाचा दावा करते. दुसरं मत असं की चीनमध्ये अलीपे आणि वीचॅटवर पैसे घेणाऱ्या दुकानांत रक्कम बोलून सांगायची सोय त्याआधीच होती. दुसरं मत जास्त पटतं, पण मालकाचा फोन घरी राहिला तरी चालेल अशी, स्वतःचं सिम असलेली भाड्याची पेटी गल्लोगल्ली पोचली ती मात्र इथंच असं म्हणायला हरकत नाही. क्यूआर कोडचंही असंच आहे. १९९४ साली डेन्सो वेव्ह कंपनीनं काढला असं सगळीकडं छापलेलं असतं, पण ती कंपनी वेगळी झाली २००१ मध्ये, १९९४ ला मासाहिरो हारा आणि त्यांचे सहकारी मूळ डेन्सोतच होते, गाड्यांच्या सुट्या भागांचा हिशोब ठेवायला त्यांनी तो केला. त्यात चूक दुरुस्त करायची सोय आहे, सगळ्यात वरच्या पातळीवर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी वाचता येतो, म्हणून चहाचे डाग पडलेलं, कोपरा फाटलेलं स्टिकरही स्कॅन होतं.

यूपीआय एनपीसीआयनं (देशातले डिजिटल पेमेंटचे व्यवहार चालवणारी संस्था) एप्रिल २०१६ मध्ये आणलं. दुकानातल्या छापील क्यूआरमध्ये मुख्यतः दोनच गोष्टी असतात, पैसे कुणाच्या यूपीआय आयडीवर जायचे तो पत्ता आणि एक नाव. पत्ता खरा लागतो, नाव मात्र कोड बनवणारा काहीही घालू शकतो, गोम इथंच आहे. म्हणून ३० जून २०२५ पासून पैसे देणाऱ्याच्या ॲपवर बँकेत नोंदलेलंच नाव दिसायला पाहिजे असा एनपीसीआयचा नियम आला. ग्राहकानं पैसे दिले की बँकांचा व्यवहार पुरा होतो, मग क्यूआर देणाऱ्या कंपनीचा सर्व्हर त्या खात्याला जोडलेल्या पेटीचा नंबर बघून तिला निरोप धाडतो आणि ती बोलते. पेटीत पैसे नसतात, पिन नसतो. त्यामुळं 'पेटी हॅक करून खातं रिकामं केलं' ही बाजारात ऐकू येणारी गोष्ट बहुतेक वेळा वेगळीच निघते, कंपनीचा माणूस म्हणून कुणीतरी आलेला असतो, भाडं बंद करून देतो म्हणतो, मालकाचाच मोबाईल हातात घेतो आणि ओटीपी बघतो.

म्हणजे पेटी हे कुलूप नव्हे, साक्षीदार. खोटा स्क्रीनशॉट, पैसे गेल्याचं नाटक करणारं बनावट ॲप, यावर तिचा चांगला उपयोग होतो ('स्क्रीनशॉट काय दाखवूलाईस रे, पेटी बोलू दे की'). स्टिकरवर दुसरं स्टिकर चिकटवलं तर मात्र ती गप्प बसते, कारण पैसे तिच्या खात्यावर येतच नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत रात्रीतून असे कोड बदलल्याचं उघड झालं होतं. गर्दीच्या वेळी गप्प पेटी कुणाच्या लक्षात येणार? आणि जांबोटी-कणकुंबीकडं रेंज गेली की ती तशीही गप्पच, मग परत स्क्रीनशॉटवर विश्वास. क्यूआर काचेच्या आत ठेवणं, दुकान उघडल्यावर दुसऱ्या फोनवरून एक रुपया टाकून बघणं, एवढं केलं तरी बरंच भागतं.

सीमाभागात पेटीनं कुठल्या भाषेत बोलावं हाही प्रश्न आहे, पण पाटीवरच्या भाषेसारखा नव्हे. मराठीत एकक आधी येतो, कन्नडमध्ये दशक आधी, म्हणजे आपलं पंचवीस, त्यांचं 'इप्पत्तैदु'. गोंगाटात मराठी पेटीचं एकोणसत्तर आणि एकोणऐंशी सारखंच वाटतं. गल्ल्यावरच्या पोराला जे आकडे पटकन कळतात तीच भाषा लावावी, मालकाचा अभिमान नंतर.

पेटी बहुधा स्वतःच्या सिमवर चालते, पण बिलिंगचा कॉम्प्युटर, सीसीटीव्ही आणि गिऱ्हाइकाला दिलेलं वायफाय सगळं एकाच राउटरवर असतं, आणि खरा धोका तिथं. २०१६ च्या मिराई व्हायरसनं कंपनीचे मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि राउटरच पकडले होते, युजरनेम-पासवर्डच्या साठेक ठरलेल्या जोड्या लावून. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या वर्कशॉपात सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनचा कॉम्प्युटर आणि ऑफिसचं पेमेंट एकाच जाळ्यावर असेल तर ते वेगळं करावं, पासवर्ड बदलावा. अंतरानं काही वाचत नाही, ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला, ९४ कोटींच्या वर रक्कम गेली, त्यातली काही कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाली.

तक्रारीला १९३० हा नंबर, कर्नाटकात सीईएन (सायबर, आर्थिक आणि अमली पदार्थांचे गुन्हे बघणारी) पोलीस ठाणी. दुकान निपाणीत आणि पैसे ज्या खात्यावर गेले ते कोल्हापुरात असलं की 'हे आमच्या हद्दीत येत नाही' ऐकावं लागायचं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द न बघता गुन्हा नोंदवायची तरतूद कलम १७३ मध्ये आहे. जाताना व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक) जवळ ठेवावा, तो पेटी सांगत नाही, पैसे देणाऱ्याच्या ॲपवर किंवा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मिळतो.